तेल लागलेले पाय

गुरुवारी सकाळी ओटिलिया टेबलावर घालायच्या पांढऱ्या कापडाला इस्त्री करत होती. सासूबाईंनी उशीवरून मान उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी कडक इस्त्री कशाला? मला गुंडाळायचंय का त्यात?"

"उद्या पहिला शुक्रवार, आई. फादर हुडाक येणार."

"येऊ देत की. कम्युनियनचा प्रसाद देतील, पावसापाण्याचं बोलतील, जातील. पण ती तेलाची डबी खिशातून निघाली, तर मी भिंतीकडे तोंड फिरवीन. आत्ताच सांगून ठेवते."

ओटिलियानं कापडाची घडी उलटी केली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर गावातल्या सगळ्या आजाऱ्यांकडे फिरत, आणि गेले तीन महिने या घरातून आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची ती डबी न उघडताच परत जात होती. फादरनी पहिल्यांदा नुसतं विचारलं होतं, दुसऱ्यांदा समजावलं होतं, तिसऱ्यांदा फक्त खिशावर हात ठेवला होता. तेवढ्यावरसुद्धा गेनोवेवाबाईंनी भिंत गाठली होती.

त्रेसष्ट वर्षांच्या गेनोवेवाबाई. ओराव्हाच्या त्या खोऱ्यात एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळलं की ज्या बाईचे बूट सर्वांत आधी खुंटीला लागायचे, ती बाई. बुटांत पाय घातले की मला काही सुचत नाही, म्हणायच्या. लग्नाकार्यात वाजवणारे दमायचे, या नाचून नाही. आता पोटात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. काढली तर खूप आशा आहे. नाही काढली तर नाताळ बघाल याची खात्री नाही.

पलंगाखालून लिद्का रांगत बाहेर आली. दहा महिन्यांची पोर, एका हातात लाकडी चमचा. आजीच्या खाली लोंबणाऱ्या पायाचा अंगठा तिला दिसला आणि तिनं चमचा टाकून तो धरला.

"सोड गं, उपटशील," आजी म्हणाल्या, पण पाय काही वर घेतला नाही. मग ओटिलियाकडे न बघताच म्हणाल्या, "मी सोमवारी जात नाहीये."

इस्त्री कापडावर टेकलेलीच राहिली. जळका वास आला तेव्हा ओटिलियानं ती उचलली.

"आई, असं काय करता?"

"हिशोब सरळ आहे. तेल न लावता त्या सुरीखाली झोपायचं? बदकासारखं? ते मला जमणार नाही. देवासमोर जायची वेळ आली तर अशी पारोशी नाही जायची मी. आणि तेल लावून घेतलं, आणि परत आले, तर? मग कारोलिनाकाकूसारखं जगायचं? त्यापेक्षा इथंच बरी. माझ्या पलंगावर, माझ्या पायांनिशी."

कारोलिनाकाकूची गोष्ट त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होती. अडतिसाव्या वर्षी काकूला विषमज्वर झाला. शुद्ध गेली, तेव्हा कुठं घरच्यांनी फादरना बोलावलं, कारण फादरना बोलावणं म्हणजे सुताराला शवपेटीचं माप देणं असंच सगळे धरून चालत. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी जुन्या रीतीप्रमाणे डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय, सगळ्यांना तेल लावलं. आणि तिसऱ्या दिवशी काकूनं डोळे उघडून ताक मागितलं.

ती वाचली हेच तिचं चुकलं. कारण ज्याच्या पायांना ते तेल लागलं तो अर्धा तिकडचा, असं गावात सगळे मानत. त्यानं अनवाणी जमिनीवर पाऊल टाकलं तर गवत जळतं. तो नाचला तर खालची माती कण्हते. त्यानं गाय पिळली तर दूध फाटतं. आणि नवऱ्यानं, हे तर कुणी मोठ्यानं बोलतही नसे, नवऱ्यानं त्याच दिवशी आपलं अंथरूण गवताच्या माळ्यावर न्यायचं. कारोलिनाकाकू त्यानंतर एकोणीस वर्षं चुलीपाशी बूट घालून बसली. मुलाच्या लग्नात तिला दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं. सात वर्षांची गेनोवेवा खाली जमिनीवर खेळत होती, म्हणून तिला एकटीलाच दिसलं. घागऱ्याखाली काकूच्या बुटाचं टोक ठेका धरत होतं.

"तो बूट मला अजून दिसतो," सासूबाई म्हणाल्या. "जा आता. बटाट्यांत तण माजलंय."

*

ओटिलियानं लिद्काला टोपलीत घालून शेताच्या कडेला झुडपाच्या सावलीत ठेवलं आणि कुदळ उचलली. पायांखाली माती ओली, गार होती. दोन सऱ्या झाल्या, आणि मग ती कुदळीवर हनुवटी टेकून आपल्याच पावलांकडे बघत उभी राहिली.

या पायांना तेल लागलेलं होतं.

गेल्या ऑगस्टात, लिद्काच्या वेळी. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी ताप चढला तो उतरेचना. खाटेभोवती येणाऱ्यांच्या बोलण्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला, आणि ती गोष्ट तिला तापातसुद्धा कळली. सरकारला चर्च खपत नव्हतं, त्यामुळे फादरना हॉस्पिटलात बोलवायचं तर अर्ज, सही, शिक्का. आणि मग कुणाच्या कुणाच्या वहीत नाव. संध्याकाळी फरशी पुसणारी बाई पुसता पुसता तिच्या उशीशी वाकली. "पोरी, हवंय का तुला?" काय, ते ती बोलली नाही. ओटिलियानं पापण्या मिटून हो म्हटलं.

थोड्या वेळानं तळघरातला बॉयलरवाला पाना घेऊन रेडिएटर तपासायला आला. ऑगस्टात! नर्सनं त्याच्याकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं, आणि खिडकी उघडून बाहेर बघत उभी राहिली. लेओपोल्दकाका म्हणत त्याला. पूर्वी तो एका गावचा फादर होता. सरकारनं त्याचा परवाना काढून घेतला आणि हातात फावडं दिलं. नखांत कोळसा, निळा डगला, आणि डगल्याच्या खिशातून निघाली बोटाएवढी डबी. त्यानं जुन्या रीतीनंच सगळं केलं, पुटपुटत, भराभर, पण एकही जागा न सोडता. शेवटी पायांवरची चादर सारली. तेल लावताना म्हणाला, "यांना अजून पुष्कळ काम आहे. पोरगी पळायला लागली की तिच्यामागं कोण धावणार?" मग रेडिएटरवर पान्यानं दोनदा ठोकलं आणि गेला.

दोन दिवसांनी ताप उतरला. औषधानं की तेलानं, हे ती कधी निवडत बसली नाही. पण घरी आल्यावर तोंडही उघडलं नाही. एक तर त्या म्हाताऱ्याला तुरुंगात कोण धाडणार? आणि दुसरं खरं कारण तिला नीट माहीत होतं. तेवीस वर्षांची होती ती. चुलीपाशी बूट घालून बसायचं नव्हतं तिला.

आज सांगितलं, तर सासूबाई काय करतील? सोमवारी गाडीत बसतील? की गायीची बादली हातातून काढून घेतील, आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या फिलोमेनाला कळेल, आणि रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या असतील? गेल्या हिवाळ्यात दगावलेलं फिलोमेनाचं वासरूसुद्धा तिच्याच पायांवर घातलं जाईल.

टोपलीतून लिद्का काहीतरी ओरडली. एक भुंगा तिच्या चमच्यावर बसला होता आणि ती त्याच्याशी भांडत होती. ओटिलियानं कुदळ सरीतच टाकली.

*

ती तशीच आत आली, घोट्यापर्यंत माती, कडेवर पोर. पलंगासमोर उभी राहिली.

"आई, मला तेल लागलंय."

"कुठलं? कापडाला लावू नकोस."

"ते नाही. पवित्र तेल. गेल्या ऑगस्टात, हॉस्पिटलात. ताप होता तेव्हा. पायांनासुद्धा."

गेनोवेवाबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग नजर हळूहळू खाली गेली आणि मातीनं भरलेल्या त्या दहा बोटांवर थांबली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आपल्या विन्कोच्या लग्नात नाचलीस तू."

"नाचले."

"माझ्या भावाबरोबर. दोनदा."

"तीनदा, आई. तिसऱ्यांदा तुम्हीच ढकललंत. म्हणालात, म्हातारा मोकळा बसलाय, फिरव त्याला."

"देवा रे." त्यांनी क्रूसाची खूण केली. "आणि बटाटे?"

"अनवाणी काढले, अनवाणीच लावले. दहा वर्षांत असे निघाले नव्हते, असं तुम्हीच म्हणालात."

"ते मी खताला म्हटलं होतं!"

"खतही मीच घातलं."

"आणि गाय? वर्षभर माझी गाय पिळतेयस! त्या दुधाचं चीज मी फादरना दिलंय, ईस्टरला!"

"फादरनी आणखी मागितलं होतं."

सासूबाईंनी पुन्हा क्रूसाची खूण केली. मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. त्या कोपरावर उठल्या, आवाज खाली आणला. "माझ्या ब्लाझेयला माहीत आहे?"

"त्याला सांगितलं होतं. घरी आले त्याच दिवशी."

"मग? तो तर कधी माळ्यावर गेला नाही झोपायला."

"म्हणाला, माळ्यावर उंदीर फार."

गेनोवेवाबाईंनी ओठ घट्ट दाबले. आधी खांदे हलले, मग पलंग, आणि मग पोटातल्या कळेनं त्या थांबल्या, डोळे पुसले. "बापावर गेलाय," म्हणाल्या. पण हसू ओसरलं तसा चेहरा कठीण झाला.

"एक वर्ष माझ्या नाकाखाली. एका ताटलीतलं खाल्लंस माझ्याबरोबर. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?"

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. लिद्कानं आईच्या वेणीचं टोक तोंडात घातलं. सासूबाई उत्तर शोधत होत्या, आणि त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या.

"बूट आणून दिले असते," शेवटी त्या म्हणाल्या.

"मला भीती वाटत होती, आई. आत्ताही वाटतेय. पण तुम्ही सोमवारी गेला नाहीत तर काय, ही भीती जास्त मोठी आहे. लिद्काला आजी हवी आहे. मलासुद्धा हवी आहे."

"पाय धू," सासूबाई म्हणाल्या. "घरभर माती केलीस." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे वळत, "पोर ठेव इथं. माझ्याजवळ."

जाणार की नाही, ते काही बोलल्या नाहीत. रात्रीच्या कोबीच्या सुपाच्या वेळीही नाहीत.

*

शुक्रवारी दहाच्या सुमाराला फादर हुडाकांची मोटारसायकल अंगणात थांबली. शिरस्त्राण काढलं की त्यांचे केस कोंबडीच्या पिल्लासारखे उभे राहत. तिशीतला सडपातळ माणूस, पण गावात कुणी त्यांना तसं राहू देईल असं वाटत नव्हतं. इतक्या बायका त्यांना जेवू घालत. टेबलावर पांढरं कापड होतं, एका कोपऱ्यावर इस्त्रीचा पिवळा डाग. क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाणी. ओटिलियानं बशीत कापूस, पावाचा तुकडा आणि लिंबाची फोडही ठेवली होती. तेलाचा अंगठा पुसायला ते लागतं. ठेवू की नको, असं तिनं पहाटेपासून चारदा केलं होतं. सासूबाईंनी बशी पाहिली होती, आणि उचल म्हटलं नव्हतं.

पापनिवेदनासाठी फादरनी दार लावून घेतलं. ओटिलिया पायरीवर बसली. लिद्कानं तिच्या अंगावर चढून, उतरून, पुन्हा चढून झालं. दार उघडेना. गेल्या महिन्यात पाच मिनिटांत झालं होतं. चार महिने पलंगावर पडलेल्या बाईची एवढी पापं कुठून आली?

मग सासूबाईंची, लाडाच्या नावानं हाक आली. "ओत्का! ये आत. पोरीलाही आण."

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, डोळे लाल. "फादर," त्या म्हणाल्या, "ती डबी आणलीय का?"

फादरनी ओटिलियाकडे पाहिलं. ओटिलियानं खाली पाहिलं. डबी निघाली.

त्यांनी आधी काहीही न बोलता दोन्ही हात सासूबाईंच्या डोक्यावर ठेवले. मग अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढला, मग एका तळहातावर, मग दुसऱ्यावर. प्रार्थना साध्या बोलीत होती, लॅटिनमध्ये नव्हती, आणि "...प्रभू तुला तारो आणि तुला उठवो" हे शब्द आले तसे गेनोवेवाबाईंनी मिटलेले डोळे उघडले.

"काय म्हणालात?"

"आधी आमेन म्हणा," फादर म्हणाले.

"आमेन. काय म्हणालात?"

"प्रभू तुला उठवो."

"कारोलिनाकाकूलाही हेच म्हटलं होतं?"

"ती कोण, मला ठाऊक नाही. तेव्हा शब्द थोडे निराळे होते, आणि लॅटिनमध्ये. पण आजारी माणूस बरा होऊन आपल्या कामाला लागू दे, हे मागणं तेव्हाही होतंच."

गेनोवेवाबाई तेल लागलेले तळहात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिल्या. "म्हणजे देवाकडे मागितलं की हिला बरी कर," त्या हळूहळू म्हणाल्या. "देवानं केली. आणि आम्ही तिला एकोणीस वर्षं बाकावर बसवलं."

फादरनी डबीचं झाकण लावलं.

मग त्यांनी पांघरूण एका झटक्यात बाजूला केलं आणि दोन्ही पाय पलंगाबाहेर काढले. रुंद, भेगाळलेले, आजारपणानं पांढरे पडलेले. "आणि हे?"

"नव्या पुस्तकात फक्त कपाळ आणि तळहात आहेत, बाई."

"नव्या पुस्तकात पाय आजारी पडत नाहीत?"

फादरना हसू आवरेना. "पडतात. पण एका जागी लावलं तरी ते सगळ्या माणसाला लागतं. पायांपर्यंत."

"म्हणजे लागल्यातच जमा?"

"लागल्यातच जमा."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे पाहिलं. आता आपण दोघी एका पंगतीत, असं काहीतरी त्या नजरेत होतं. ओटिलियाला लिंबाची फोड पुढे करायची होती, पण तिला बशीच दिसेनाशी झाली.

*

फादर कापूस चुलीत टाकून खसखशीच्या करंजीसारख्या केकचा दुसरा तुकडा घेत होते, तेवढ्यात फिलोमेना दारात उभी राहिली. कम्युनियनला लागतो त्याहून जास्त वेळ मोटारसायकल उभी होती, हे तिनं आपल्या खिडकीतून पाहिलं होतं. डोक्याला काळा रुमाल, हातात मरणाऱ्याच्या उशाशी लावतात ती मोठी मेणबत्ती.

"अगं बाई! ही तर बसलीय!"

"बसलेय, आणि भूक लागलीय. मेणबत्ती ठेव तिकडे. वीज गेली की लागेल."

फिलोमेनानं हवेत वास घेतला. "तेल लागलं?"

"लागलं."

"अरेरे." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, ती दुष्ट नव्हती, तिला फक्त सगळं माहीत असायचं. ती पलंगाच्या कडेला टेकली, सासूबाईंचा हात हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नकोस, गेना. परत आलीस तर माझ्या आईचे बूट आहेत. आतून लोकर. मऊ आहेत अगदी. आणून देते."

"तुझ्याकडेच ठेव."

"असं कसं? तुला माहीत नाही का?" तिनं आधाराला फादरकडे पाहिलं.

"मला तर असं काही माहीत नाही," फादर भरल्या तोंडानं म्हणाले.

"फादर, तुम्ही शहरातले." ती पुन्हा वळली. "तेल लागून अनवाणी फिरली आणि सगळं सुरळीत झालं, अशी एक तरी बाई सांग. एक नाव सांग मला, गेना!"

ओटिलिया चुलीपाशी उभी होती, तिचे उघडे पाय जमिनीवर. तिला वाटलं, आता बोलावंच लागेल. तिनं श्वास घेतला.

"गेनोवेवा," सासूबाई म्हणाल्या. तिच्या आधी, आणि तिच्याकडे न बघता. "हे नाव लक्षात ठेव. तीन आठवड्यांनी तुझ्याच अंगणातून चालत जाईन. गवत जळलं तर मला बोलव. आणि ओत्का, हिला केक दे, तोंड रिकामं आहे हिचं."

*

सोमवारी सकाळी सासूबाईंचा भाऊ गाडी घेऊन आला. ब्लाझेयनं आईला उचलून नेतो म्हटलं, तर त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. दाराच्या चौकटीला धरून, मग कुंपणाला, मग सुनेच्या खांद्याला धरून त्या स्वतः गेल्या. चेहरा पांढरा होता. भीती कुठं गेलेली नव्हती. फक्त ती आता त्यांच्याबरोबर गाडीत बसायला तयार होती.

काच खाली करून त्यांनी ओटिलियाला जवळ बोलावलं. कुंपणापलीकडे फिलोमेना कपडे वाळत घालत होती, एकच टॉवेल तिसऱ्यांदा.

"तुझं तू इतक्यात बोलू नकोस," त्या कानाशी म्हणाल्या. "आधी माझ्यावर बोलू दे त्यांना. बोलून बोलून दमले की मग तुझं सांगू. दोघी मिळून."

"बरं, आई."

"आणि गवत या आठवड्यात काढा. ओढ्याकडचा पट्टा तेवढा ठेव. तो माझा."

"तुम्ही येईपर्यंत ते कंबरेला लागेल."

"लागू दे. वाकायला कमी पडेल."

भावानं गाडी सुरू केली. लिद्कानं हात पुढे करून आजीचं नाक धरलं आणि ते सोडवायलाच आणखी दोन मिनिटं गेली.